घोड्याची पाण्यातली तालीम

बिलोलीहून बोधनला जाताना येसगीच्या पुलावर गाडी जरा हळू करावी. मांजरा नदीला पाणी असेल तर खाली म्हशी दिसतात. शिंगं, डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या वर, बाकी सगळा देह पाण्यात; डोळे अर्धवट मिटलेले, जबडा संथपणे रवंथ करत असलेला. म्हशीला नदी म्हणजे दुपारची पथारी. त्याच डोहात घोडा घातला तर वेगळंच दिसतं. पाय टेकेनासे झाले की घोडा मान पुढे ताणतो, नाकपुड्या फुगवतो, चारही पाय मारायला लागतो आणि दर श्वासाला फुर्रर असा आवाज काढतो. म्हैस पाण्यात बसते, घोडा पाण्यात राबतो. दोन-तीन मिनिटांत त्याच्या हृदयाचे ठोके चौपट झालेले असतात.

शर्यतीच्या घोड्यांना पोहायला लावतात ते याचसाठी. ऐकणाऱ्याला वाटतं, श्रीमंतांचे घोडे, श्रीमंतांचे चोचले; इथे माणसाला प्यायला पाणी नाही आणि तिकडे घोड्याला स्विमिंग पूल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण घोड्याचा पाय गुडघ्याखाली कसा घडलेला आहे हे एकदा नीट समजून घेतलं, आणि चोचल्यामागचा हिशेब दिसायला लागला.

बिलोलीत शर्यतीचा घोडा शोधून सापडणार नाही. आपल्याकडचे घोडे वेगळे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास खंडोबाची यात्रा भरते, तिथे घोड्यांचा बाजार असतो. गिऱ्हाईक ओठ उचलून दात बघतं, अंगावरचे भोवरे मोजतं, देवमण हा शुभ मानलेला भोवरा आहे का ते चाचपतं. खंडोबाचं वाहनच घोडा, त्यामुळे तिथे घोड्याकडे बघणाऱ्याच्या नजरेत व्यवहाराबरोबर थोडी भक्तीही असते. नांदेडला हुजूर साहिबच्या हल्लाबोल मिरवणुकीत घोडे धावतात. वरातीतला घोडा तर गावोगाव आहे. यातल्या कुणाला रोज मिनिटा-सेकंदाच्या हिशेबात पळावं लागत नाही.

शर्यतीचा घोडा म्हणजे थरोब्रेड. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये, पूर्वेकडून नेलेल्या अरबी आणि तुर्की नरांपासून ही जात घडवली गेली, आणि घडवताना एकच गोष्ट बघितली गेली: वेग. बिलोलीकराला हा घोडा बघायचा तर सगळ्यात जवळचं ठिकाण हैदराबादचं मलकपेठ. १९५६ पर्यंत आपली राजधानी तीच होती. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या अमदानीत, १८८६ साली, तिथल्या शर्यती मौला अलीहून मलकपेठला आल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या कॅम्पातलं मैदान त्याहून जुनं, १८३० चं. मुंबईचं महालक्ष्मी १८८३ चं. या दोन ठिकाणांमध्ये घोड्यांची वारी चालते: पावसाळ्यात शर्यती पुण्याला, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मुंबईला. महालक्ष्मीची इंडियन डर्बी फेब्रुवारीत होते, चार वर्षांच्या घोड्यांची, अंतर २४०० मीटर. अडीच मिनिटांच्या आसपास सगळा निकाल लागतो. त्या अडीच मिनिटांसाठी दोन-अडीच वर्षं रोज पहाटे काम चालतं आणि त्या कामात सगळ्यात आधी दगा देतो तो पाय.

घोड्याच्या पुढच्या पायावर हात फिरवून बघा. आपण ज्याला त्याचा गुडघा म्हणतो तो खरं तर आपल्या मनगटाच्या जागी आहे. त्याच्या खाली मांस जवळजवळ नाहीच. नळीचं हाड, त्याच्या मागे दोरीसारखी हाताला लागणारी कंडरा (रेसकोर्सवर तिला सगळे टेंडनच म्हणतात) आणि वर कातडी. माणसाच्या हिशेबात घोडा प्रत्येक पायाच्या एकेका बोटावर, तेही बोटाच्या नखावर धावतो. चार-साडेचार क्विंटलपासून पाच क्विंटलपर्यंत वजन, वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर. भरधाव असताना टापेच्या एका क्षणी पुढच्या एकाच पायावर अंगाच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. पावणेपाच क्विंटलचा घोडा धरला तर जवळपास बारा क्विंटल. म्हणजे बाजार समितीत मांडलेली सोयाबीनची वीसएक पोती, एका खुरावर. आणि हे सेकंदाला दोनदा तरी.

हा भार कंडरा रबरासारखी ताणून घेते आणि पुन्हा आखडून परत देते. घोड्याला पळायला स्वस्त पडतं ते या रबरामुळेच. पण प्रत्येक ताणात थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते. भरधाव पळणाऱ्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्यात तापमान ४५ अंशांपर्यंत गेलेलं मोजलं आहे. तिथे रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे ती उष्णता वाहून न्यायला फारसं कुणी नाही, आणि धागे तुटले तर दुरुस्तीला सामान पोचवायलाही कुणी नाही. ताणलेली कंडरा भरून यायला नऊ महिने, वर्ष सहज जातं. भरते तीही जुन्यासारखी नाही. सदऱ्याला ठिगळ लावावं तशी, आणि पुढे बऱ्याचदा ठिगळाच्या कडेनेच पुन्हा उसवते.

इथे ट्रेनरची खरी पंचाईत सुरू होते. घोड्याचं हृदय, फुप्फुसं आणि स्नायू काही आठवड्यांच्या मेहनतीत तयार होतात. हाडं आणि कंडरा मात्र कितीतरी सावकाश. म्हणजे इंजिन तयार झालेलं असतं, चाकं अजून कच्ची. हृदयाला काम दिलं नाही तर घोडा शर्यतीच्या शेवटच्या फर्लांगात दमतो. आणि काम दिलं की त्याचं बिल पायांच्या नावावर फाटतं. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, पाण्यात घालून बघू.

पाण्यात गेलं की वस्तू हलकी होते, हे विहिरीतून घागर ओढणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे: पाण्यात आहे तोवर ती येते, वर आली की हात भरतात. घोड्याच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत पाणी आलं की त्याच्या पायांवरचं वजन सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होतं. पूर्ण तरंगला की पायांवर काहीच नाही. पावणेपाच क्विंटलचा देह पाणी आपल्या खांद्यावर घेतं. घोडा तरंगतोही चांगला, कारण त्याच्या छातीत मोठी फुप्फुसं आहेत आणि पोटात वायू धरून ठेवणारी लांबलचक आतडी. ज्या वायूने पोटशूळ होऊन घोडे मरतात, तोच इथे त्याला वर धरून ठेवायला मदत करतो.

पायांचं ओझं गेलं, पण मेहनत गेली नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट दाट. पाय पुढे न्यायचा म्हटला तरी ते आडवं येतं. तबेल्यात उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला तीस ते चाळीस ठोके देतं. पोहताना ते १४० ते १८० वर जातं, नवखा घाबरलेला घोडा त्याच्याही वर. जिवाच्या आकांताने धावताना त्याची कमाल २२० ते २४०. म्हणजे पोहणं हे चांगल्या दमदार दौडीच्या तोलाचं काम आहे, पण शर्यतीच्या शेवटच्या फर्लांगाच्या तोलाचं नाही. ही मर्यादा लक्षात ठेवावी, पुढे कामाला येईल.

हृदयाबरोबर आणखी एक अवयव जागा होतो, तो म्हणजे प्लीहा. आपल्याकडे जुन्या वाड्यांत जमिनीखाली धान्याचं पेव असायचं, तंगीत उघडायचं. घोड्याची प्लीहा हे तांबड्या रक्तपेशींचं पेव आहे. विश्रांतीत घोड्याच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो. जोराचं काम सुरू झालं की प्लीहा आकसते, साठवलेलं दाट रक्त बाहेर ढकलते आणि तो वाटा साठच्या वर जातो. प्राणवायू वाहायला एकदम दीडपट गाड्या रस्त्यावर. माणसाला ही सोय इतक्या प्रमाणात नाही. आपण धापा टाकतो आणि घोडा वेग घेतो, त्यातलं एक कारण हे.

श्वासाची गोष्ट मात्र जमिनीवर एक आणि पाण्यात दुसरीच. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. भरधाव धावताना त्याचा श्वास टापांशी बांधलेला असतो: एक झेप, एक श्वास. पुढचे पाय टेकले की पोटातला सगळा ऐवज पुढे सरकून छातीवर आदळतो आणि हवा बाहेर जाते. पाय उचलले की हवा आत. भात्यासारखं. मिनिटाला सव्वाशे-दीडशे श्वास असे आपोआप होतात. पाण्यात हा भाता बंद पडतो. टापाच नाहीत, त्यात छातीवर चहूबाजूंनी पाण्याचा दाब. मग घोडा नवीन पद्धत काढतो: झटकन श्वास ओढून घ्यायचा, क्षणभर आत धरून ठेवायचा आणि नाकपुड्या थरथरवत जोराने सोडायचा. धरून ठेवलेल्या हवेने त्याला तरंगायलाही मदत होते. काठावरून ऐकू येणारा तो फुर्रर आवाज हाच. दाबाविरुद्ध छाती फुगवण्यात बरगड्यांचे आणि श्वासपटलाचे स्नायू राबतात, हा ट्रेनर मंडळींचा आवडता मुद्दा. पण ज्या घोड्यांना जोराच्या कामानंतर फुप्फुसातून रक्त येतं, आणि शर्यतीच्या घोड्यांत हे दुखणं अजिबात दुर्मीळ नाही, त्यांना हाच दाब घातक ठरू शकतो. अशा घोड्याला पाण्यात घालण्याआधी शहाणा पशुवैद्य दहादा विचार करतो.

आता प्रत्यक्ष पहाट. घोड्यांचा तलाव आपल्या पोहण्याच्या तलावासारखा चौकोनी सहसा नसतो. गोल किंवा लंबगोल चर, मधे बेट. पाणी तीन मीटर किंवा त्याहून खोल, म्हणजे कितीही उंच घोडा असला तरी तळाला पाय लागू नयेत. चराची रुंदी घोडा सरळ जाईल, पण वळून मागे फिरू शकणार नाही एवढीच. आत जायला आणि बाहेर यायला लांब उतार, त्यावर रबर किंवा खरबरीत लादी. मला विचाराल तर त्या सगळ्या बांधकामात पाण्यापेक्षा हा उतार महत्त्वाचा. घोडा पाण्यात जायला घाबरतो हे खरं, पण अपघात बहुतेक बाहेर पडताना होतात: दमलेला, ओला, पुन्हा अचानक जड झालेला देह, आणि खुराखाली निसरडी फरशी.

सईस दोन असतात. घोड्याच्या मोहरकीला दोन्ही बाजूंनी लांब दोर. एक सईस बाहेरच्या काठावरून चालतो, दुसरा बेटावरून. कुठे दोराऐवजी लांब काठीही वापरतात. दोर ओढायचा नसतो, फक्त दिशा दाखवायची असते. वर ओढला तर घोड्याचं तोंड वर जातं, मागचा भाग बुडतो, आणि तो उलटा पडू शकतो. जुन्या घोडदळात नदी ओलांडायची हीच शिकवण होती: पाय टेकेनासे झाले की स्वाराने पाठीवरून बाजूला घसरायचं, आयाळ धरायची आणि लगामाला हात लावायचा नाही, घोड्याला वाट त्याची त्यालाच काढू द्यायची.

नव्या घोड्याला पहिल्या दिवशी कोणी पोहवत नाही. आधी नळीने पाय भिजवणं, मग उतारावर गुडघाभर पाण्यात उभं करणं, मग एखादा जुना, मुरलेला घोडा पुढे घालून त्याच्या मागे. घोडा कळपाचा प्राणी. पुढचा गेला की त्याला निम्मा धीर येतो. पहिल्यांदा एक फेरी, फार तर दोन. पुढे वाढवत वाढवत पाच-दहा मिनिटं. घोडा पोहतो माणूस चालावा तेवढ्याच वेगाने, सेकंदाला मीटरभर. म्हणजे काठावरच्या सईसाचीही चांगली रपेट होते. बाहेर आला की अंगावरचं पाणी निपटायचं, मालिश, आणि श्वास जागेवर येईपर्यंत हाताला धरून फिरवायचं. तलावात घोडे लीद टाकतात, त्यामुळे गाळणी आणि क्लोरीनचं काम अखंड चालू. खुरं सारखी भिजून मऊ पडतात, तेव्हा ती कोरडी करणंही आलंच. नालबंदाला हा पाण्याचा प्रकार फारसा आवडत नाही असं म्हणतात, आणि मला त्यात तथ्य वाटतं.

एक फायदा मात्र पुस्तकांत कमी आणि तबेल्यात जास्त ऐकू येतो. शर्यतीचा घोडा दिवसाचे बावीस-तेवीस तास एका खोलीत बांधलेला असतो. रोज तेच मैदान, तोच फेरा. काही घोडे त्याला विटतात, दाराचं लाकूड चावत बसतात, दाण्याकडे बघत नाहीत. पाणी आवडलं तर असा घोडा पुन्हा कान टवकारतो. नाही आवडलं तर कितीही समजूत घाला, तो उतारावर चार पाय रोवून उभा राहतो. त्याला सोडून द्यावं.

असा एक तलाव किती पाणी पितो, याचा हिशेब मी उगाच करून बघितला. चर साडेतीन मीटर रुंद, पाणी तीन मीटर खोल, चराच्या मधल्या रेषेचा व्यास पंधरा मीटर धरला तर जवळपास ५ लाख लिटर. आकडा ओळखीचा वाटला. दुष्काळात, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, तिच्या दहा वाघिणींत एवढंच पाणी होतं: प्रत्येकी पन्नास हजार लिटर. ज्या गाडीचं स्टेशनवर स्वागत झालं, जिची बातमी देशभर गेली, ती पहिली गाडी घोड्यांच्या एका तलावात मावली असती. गाळून तेच तेच पाणी वापरतात, रोज नवं भरत नाहीत, हे खरं. तरीही मराठवाड्याचा माणूस हा आकडा वाचून क्षणभर थांबला तर त्याला दोष देता येणार नाही.

समुद्रकाठच्यांना ही अडचण नाही. बार्बाडोस बेटावर गॅरिसन सवाना मैदानावरचे शर्यतीचे घोडे पहाटे कार्लाइल बे या उपसागरात पोहायला नेतात. तिथे जाणारे पर्यटक ते बघायला लवकर उठतात. जपानने दुसरी वाट धरली: मिहो आणि रित्तो इथल्या सरकारमान्य प्रशिक्षण केंद्रांत घोड्यांसाठी तलाव बांधले. पण पाण्याने घोड्याचं नशीब पालटल्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट इंग्लंडच्या साउथपोर्ट गावची आहे. जिंजर मॅक्केन नावाचा माणूस तिथे जुन्या मोटारी विकायचा आणि दुकानामागच्या तबेल्यात घोडे सांभाळायचा. १९७२ साली त्याने एका वृद्ध मालकासाठी सहा हजार गिनींना रेड रम नावाचा घोडा घेतला. आणल्यावर बघतो तर घोडा लंगडतोय. खुराच्या आतल्या हाडाला सूज येण्याचं दुखणं त्याला जडलेलं होतं. मॅक्केनने त्याला समुद्राच्या पाण्यात चालायला नेलं, आणि घोडा सरळ चालत बाहेर आला. पुढे रोजचा सराव किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत आणि खाऱ्या पाण्यात. रेड रमने सुमारे सात किलोमीटरची, तीस अडथळ्यांची ग्रँड नॅशनल शर्यत १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा जिंकली. मधली दोन वर्षं दुसरा आला.

ही गोष्ट सांगताना लोक एक तपशील गाळतात. रेड रम पाण्यात नुसता पोहत नव्हता; त्याची मुख्य मेहनत वाळूवर पळण्याची होती. पाण्याने त्याचे पाय थंड ठेवले, दुखणं आटोक्यात ठेवलं. जिंकण्याची ताकद त्याने जमिनीवरच कमावली.

आणि इथेच पाण्याच्या तालमीची खरी मर्यादा येते. हाड जिवंत असतं. त्याच्यावर भार पडला की ते त्या भाराच्या दिशेने स्वतःला दाट करत जातं. भार काढून घेतला की विरळ होतं. अवकाशात महिनोन्‌महिने तरंगणाऱ्या अंतराळवीरांची हाडं झिजतात ती यामुळेच, आणि माणसांतही नुसतं पोहणाऱ्यांची हाडं धावणाऱ्यांइतकी दाट नसतात. दोन वर्षांच्या कोवळ्या घोड्याच्या नळीच्या हाडाला शर्यतीचा वेग सोसायचा असेल, तर त्याला तो वेग थोडा थोडा, बेताबेताने, जमिनीवरच चाखवावा लागतो. त्याच्याऐवजी त्याला महिनाभर पोहवलं तर धोका उलट वाढतो: हृदय आणि स्नायू तयार, घोड्याला जोर आलेला, मैदानावर सोडला की तो उधळणार, आणि खाली हाड महिन्यापूर्वी होतं तेवढंच कच्चं. पाणी ज्या भारापासून पायाला वाचवतं, तोच भार हाडाचं खाद्य आहे.

म्हणून जाणता ट्रेनर पोहण्याला जोडीचं काम मानतो. आदल्या दिवशी फास्ट वर्क झालं की दुसऱ्या दिवशी पाय शेकत ठेवण्यापेक्षा पाण्यात हलकी फेरी. खुराला भेग, नाल बसेना, पण घोड्याचा दम तुटता कामा नये, तेव्हा पोहणं. कंडरेच्या दुखापतीतून उठणाऱ्या घोड्याचा दम टिकवायला, पशुवैद्याच्या सल्ल्याने, पोहणं. मलकपेठच्या एप्रिल-मेच्या उन्हात मैदान सकाळी आठलाच तापतं, तेव्हा अंगातली उष्णता काढून घेणारं पाणी हा वेगळाच आधार. पण वेळ मोजायची ती मैदानावर.

दुखणं पाठीत असेल तर मात्र सगळं उलटं. घोडा पोहताना डोकं वर काढतो, त्यामुळे पाठ खोलगट होते, मधे दबते. पुढचे पाय मुख्यतः तोल आणि वरचा भाग सांभाळतात; ढकलण्याचं काम मागचे पाय करतात, आणि ते जमिनीवर कधी ताणले जात नाहीत इतके मागे ताणले जातात. ज्याची कंबर धरली आहे, ज्याच्या मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकते, त्याला पोहायला घालणं म्हणजे लचकलेल्या कमरेने जोर काढणं. अशा घोड्यांसाठी हल्ली पाण्यातला चालता पट्टा वापरतात: काचेच्या पेटीत गुडघ्यापर्यंत किंवा पोटापर्यंत पाणी, खाली सरकणारा पट्टा. पाणी किती उंच ठेवायचं त्यावरून पायावर किती वजन टाकायचं ते ठरवता येतं, आणि पाठही सरळ राहते. महागडं यंत्र आहे. गुडघाभर पाण्यातली नदी बरंचसं तेच काम फुकट करते.

नदीवरून आठवलं. पोहणारा घोडा हा आपल्या इतिहासात खेळाडू म्हणून येत नाही, तो येतो नदी ओलांडताना. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला ज्या उदगीरला नमवलं ते बिलोलीपासून फार लांब नाही. तिथूनच ते सैन्य पुढे उत्तरेत गेलं. यमुनेला पूर होता. पुरात ती उतरणं शक्य नाही, पलीकडचा अब्दाली पलीकडेच अडकला, हा मराठ्यांच्या छावणीतला अंदाज. २५ ऑक्टोबरला बागपतजवळ उतार शोधून अब्दालीने नदी ओलांडायला सुरुवात केली. कित्येक माणसं, घोडी वाहून गेली, पण फौज पार झाली, आणि पानिपतावर मराठ्यांचा दक्षिणेकडचा रस्ता तुटला. उदगीरला आता पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घोड्याच्या पोहण्याचा अभ्यास करायला याहून नेमकी जागा सुचत नाही, असं मी एकदा तिथल्या एका विद्यार्थ्याला म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, काका, आमच्याकडे म्हशीच जास्त येतात.

माळेगावहून हौसेने घोडा आणलेले लोक हे ऐकलं की विचारतात: मग आमचा घोडा मांजरेत पोहवू का? मी आधी विचारतो, डोह कुठला. बिलोलीच्या बाजूला नदीतून रेतीचा उपसा होतो. पात्रात कालपर्यंत गुडघाभर पाणी होतं तिथे आज दोन पुरुष खड्डा असू शकतो, आणि त्याच्या कडा ढासळत्या असतात. वरून निजामसागरचं पाणी सुटलं तर ओढही बदलते. शेततळ्यात तर घोडा कधीच घालू नये. खोली तलावाएवढीच, पण उतार प्लास्टिकचा. आत गेलेलं जनावर खुरांनी कागद फाडत राहतं आणि बाहेर येऊ शकत नाही. शेळ्या, वासरं, कधी माणसंही अशी गेली आहेत. दाणा खाऊन झाल्या झाल्या पाण्यात नको, कामावरून घामाघूम आलेला असताना थेट खोल पाण्यात नको, आणि दोर मनगटाला गुंडाळून तर अजिबात नको.

त्यापेक्षा ओळखीच्या उतारावर, तळाची वाळू घट्ट आहे हे स्वतः चालून बघितल्यावर, पोटाला लागेल इतक्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं चालवलं तर पायांना थंडावा मिळतो, स्नायूंना काम मिळतं आणि पाय जमिनीवरच राहतात. वरातीच्या घोड्याला याहून जास्त लागतच नाही. नंतर अंग पुसून खरारा करावा, खुरं कोरडी करावीत आणि त्याला वाळूत मोकळं सोडावं.

मोठ्या तबेल्यांत तलावाच्या शेजारी त्यासाठी मुद्दाम वाळूचा आखाडा केलेला असतो. पाण्यातून आलेला घोडा तिथे पोचला की आधी नाकाने वाळू हुंगतो, एका पायाने उकरतो, गुडघे दुमडून धप्पकन बसतो, आणि पाठीवर पडून चारही पाय वर करून लोळतो. लाखो रुपयांचा घोडा असो की माळेगावचा, त्या घटकेला दोघांत फरक दिसत नाही. मग उठतो, अंग झटकतो, सईसाचे कपडे वाळूने भरतात, आणि दोघं तबेल्याकडे निघतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच घोड्यावर जीन पडतं आणि तो मैदानाकडे वळतो.